दोन मुठी डावीकडे

हर्णैला, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
सत्त्याऐंशी साली दोन काँप्युटर आले.
खाली कॉम्प्रेसर सुरू झाला
की वर पडद्यावरचं कासव थरथरायचं.

कासव म्हणजे एक त्रिकोण,
नखाएवढा, हिरवा, काळोखाच्या मधोमध.
पारकर मॅडम म्हणाल्या, याच्यापाशी नकाशा नाही.
कुठे आहेस विचारलंत तर आकडा सांगेल,
पण चालताना त्याला त्याचं काही पडलेलं नसतं.
तोंड कुठे, आणि किती पुढे,
एवढ्यावर त्याचं भागतं.
वाक्य संपलं की अर्धविराम. विसरलात
तर पास्कल तिथेच बसून राहील, रुसलेल्या जावयासारखं.

आम्ही चौकोन काढले, चांदण्या काढल्या.
भालचंद्र मयेकर पेन उचलायला विसरला
आणि घराच्या उंबऱ्यापासून कौलांपर्यंत रेघ गेली.
विजेची तार आहे, म्हणाला.
त्याच्या घरी वीज नव्हती.

बाबा आला तो बर्फाचे पैसे द्यायला.
तांडेल माणूस, जिन्यावर ओले पाय उमटवत
दारापर्यंत आला नि थांबला.
त्रिकोणाच्या टोकाकडे बोट करून म्हणाला,
"ही नाळ. सुकाणू कुठंय?"
मी की-बोर्ड दाखवला.
"मग घे. बंदरातून भायेर.
एक बिडी सरळ.
दोन मुठी डावीकडे.
मग अर्धी बिडी,
किल्ला उजव्या खांद्याला येईस्तोवर."

मूठ म्हणजे?
त्याने हात लांब केला,
खिडकीतल्या समुद्राच्या रेघेवर मूठ टेकवली.
मॅडमनी कंपासपेटीतला कोनमापक
त्याच्या खांद्यापाशी धरला. दहा अंश.
पुन्हा मोजलं. दहाच.
वीत पसरली तर वीस.

आणि बिडी?
"वारा कसा हाय त्याच्यावर."
मॅडमनी वाद घातला नाही. चाळीस धरले.

प्रोसिजर मूठ. प्रोसिजर बिडी.
बिगिन आणि एंडच्या मधे
मी एका बोटाने बापाचा हात टाइप केला.
किल्ला आधीच काढून ठेवला होता, खाली खडपाचे ठिपके.

कासव निघालं. छान निघालं.
आणि थेट ठिपक्यांवर चढलं.

"खडपावर घातलीस."
"तू सांगितलंस तेच केलंय त्याने."
"ओहोटी कोण सांगेल? पाणी ओढत असतं ना खालून.
ती कुठं लिवतात?"
मॅडमनी पुस्तकाच्या शेवटची शब्दांची यादी उघडली.
खरोखर, वरून खालपर्यंत, बोट फिरवून शोधली.

मग मी एक मूठ वाढवली, खडप टाळलं,
आणि चुकून बिड्या झाल्या पाच.
कासव डाव्या कडेतून गेलं
नि उजव्या कडेतून आत आलं.
पोरं हसली.

बाबा नाही हसला.
"मावळतीला गेलेली
उगवतीकडनं आली? डोंगर उतरून?"
मॅडम म्हणाल्या, याला रॅप म्हणतात, बंद करता येतं.
"करा बंद."

हिराजीकाकाच्या होडीला तेव्हा
चार वर्षं होत आली होती.
तो विषय त्याने काढला नाही, मीही नाही.
मी नोरॅप लिहिलं. अर्धविराम दिला.

या वेळी कासव कडेपाशी गेलं
आणि दिसेनासं झालं.
काळा पडदा. मागे राहिलेली रेघ.
खाली कॉम्प्रेसर बंद पडला, रेघ स्थिर झाली.
मॅडम हळूच म्हणाल्या,
"बाहेर चालतंय ते. थांबलेलं नाही."

"विचार त्याला," बाबा म्हणाला.

मी विचारलं.
उणे दोनशे चौदा.

त्याने आकडा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला,
जसं नव्या होडीचं नाव म्हणून पाहतात.
मग कानावरची बिडी काढली, पुन्हा कानावर ठेवली.
"म्हंजे हाय," म्हणाला,
आणि बर्फ सुटायच्या आत खाली उतरला.